हातभर चर

लातूरहून परतल्यावर सामान उपसलं तेव्हा त्यातून दोन फेटे, तीन शाली, एक नारळ आणि पितळेची एक जड समई निघाली. बायकोनं विचारलं, "एवढं कशाबद्दल?" मी म्हणालो, "चुकून." ती हसली. गेली वीस-पंचवीस वर्षं मी लोकांना हसवत आलो आहे, त्यामुळे मी खरं बोललो तरी लोक आधी हसून घेतात. याचं मला आजवर सुखच वाटत आलं होतं.

माझं लिखाण कोनशिला, फिती, कात्र्या आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम यांच्याभोवती फिरतं. ज्या समारंभांची मी टिंगल करतो त्याच समारंभांना मला बोलावणी येतात, आणि मी जातो. अभ्यासासाठी जातो, असं घरी सांगतो. या वेळचं बोलावणं लातूरच्या एका संस्थेचं होतं. त्यांनी बाळंतिणींसाठी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तीन मजली दवाखाना बांधला होता. इमारत भूकंपातही उभी राहावी म्हणून ती रबराच्या ठोकळ्यांवर बसवली होती. स्मरणिकेचं संपादन करायचं आणि उद्घाटनाला चार शब्द बोलायचे, एवढंच काम. इमारतीचा आराखडा दिगंबरचा, म्हणजे वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या जोडीदाराचा, म्हणून आधी नांदेडला उतरलो.

नांदेड

दिगंबरच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पाय स्टुलावर आणि स्टुलाशेजारी नकाशांच्या गुंडाळ्या, असा तो बसला होता. वहिनींनी सुशीला समोर ठेवली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा पदार्थ पुण्यात कुणाला सांगितला तर ते पोह्यांची गरीब बहीण म्हणतील. ते पुणेकरांचं दुर्दैव. मी दुसऱ्यांदा घेतली.

"आयुष्यभर आम्ही काय केलं?" दिगंबर म्हणाला, "इमारत जमिनीला घट्ट बांधली. जमीन हलली की इमारत हलली, तडकली, खाली आली. आता म्हणून राहिलो, सोड तिला. जमिनीला नाचायचं तर नाचू दे, इमारतीनं कामून नाचायचं?"

प्रत्येक खांबाखाली एक ठोकळा असतो, हे त्यानं मला समजावलं. रबराचा एक थर, लोखंडी पत्र्याचा एक थर, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा. चपात्यांची चळत डोळ्यांसमोर आण, म्हणाला. वरून दाबली तर फारशी दबत नाही, बाजूनं ढकलली तर वरच्या चपात्या सरकतात. मध्ये शिशाचा एक दांडा, तो धक्क्याचा जोर जिरवतो. जमीन खालच्या खाली सरकते, आणि वर बाळ झोपलेलं असतं ते झोपलेलंच राहतं.

"वाक्य छान आहे," मी वही काढली.

"वाक्य सोड, हे बघ." त्यानं वहिनींची परात मागवली. परातीत भांडी घासायचे चार कोरे स्पंज, स्पंजांवर पोळपाट, पोळपाटावर पाण्यानं भरलेला पेला. परात दोन्ही हातांनी गदागदा हलवली. पोळपाट जागच्या जागी डुलला, पेल्यातलं पाणी काठापर्यंत आलं आणि परत गेलं. मग त्यानं परातीचा काठ आणि पोळपाट यांच्यामध्ये खलबत्त्यातला बत्ता खुपसला आणि परात पुन्हा हलवली. पेला उडाला तो माझ्या सुशीलेत.

"माझी परात!" आतून वहिनी.

"पाहिलं? स्पंज तेच, पोळपाट तोच. एका बाजूला फक्त जागा उरली नाही. इमारतीच्या चारही बाजूंनी हातभर रुंदीचा चर सोडलाय मी. तो रिकामा पाहिजे. त्यात एका बाजूनं जरी काही भरलं, की रबर गेलं बाराच्या भावात. ऐकून राहिलास, का नुसतं खाऊन राहिलास?"

खरं सांगायचं तर मी पँट झटकत होतो, आणि बाळ झोपलेलंच राहतं या वाक्यात 'निर्धास्त' शब्द कुठे बसवावा याचा विचार करत होतो.

निघताना त्यानं हातभर लांबीची बांबूची एक काठी माझ्या हातात दिली. दोन्ही टोकं कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. "मला दोन आठवडे हलता येत नाही. तू एक कर. उद्घाटनाआधी काठी आडवी धरून चरातून सगळ्या इमारतीला एक फेरी मार. कुठं अडली तर मला फोन कर. कुणी काही म्हणो."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण कर."

अहमदपूरच्या आसपास

संस्थेनं गाडी पाठवली होती. लोह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर वाळत उभी होती आणि मधूनमधून हरभऱ्याची हिरवी चादर. अहमदपूरला धपाटे आणि दही खायला थांबलो. सोबतच्या ठेच्याचा एक कण जिभेला लागला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ड्रायव्हरला सहज म्हणालो, "मला तिखट फारसं सोसत नाही."

ही माझी पहिली चूक होती, आणि तिच्यातून मी शहाणं व्हायला हवं होतं. ड्रायव्हरनं ठेचा उचलून शेजारच्या टेबलावर नेला. मग बाहेर जाऊन फोन केला. त्यानंतरचे तीन दिवस लातूरमध्ये, कुणाच्याही घरी, कुठल्याही ताटात, मला मिरची भेटली नाही. आमटी पिवळी, भाजी पांढरी, चटणी गोड. एका घरी तर यजमानांनी स्वतःही माझ्यासोबत तसलंच खाल्लं. आमच्याकडे पाहुणा म्हणाला तिखट नको, तर आपण म्हणतो, बरं, दही घ्या. इथे पाहुण्याचा शब्द म्हणजे हुकूम, आणि तो तुमच्या आधी गावात पोहोचतो.

लातूर

दवाखान्याच्या फाटकात बँड होता. संस्थेचे अध्यक्ष स्वतः पुढे आले. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्याबद्दल नंतर मी वाईट बोलणार आहे असं वाटू नये म्हणून आधीच सांगतो: किल्लारीच्या भूकंपानंतर ढिगारे उपसायला धावलेल्या तरुणांत ते होते, आणि हा दवाखाना उभा राहावा म्हणून त्यांनी दहा वर्षं लोकांचे उंबरे झिजवले होते. फाटकातच त्यांनी मला फेटा बांधवला. आरशात पाहिलं नाही, पण फेट्याखालचा माणूस आपोआप छाती पुढे काढतो. मीही काढली.

छाती पुढे काढून चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. दारासमोर चर होता आणि चरावर लोखंडी पत्रा. तो एकाच बाजूनं पक्का केलेला असतो, दुसरी बाजू सुटी, म्हणजे इमारत सरकली की तो सोबत सरकतो. सुटी कड अंगठ्याएवढी वर आली होती. तिला माझा बूट अडला आणि मी बँडच्या डोळ्यांदेखत गुडघ्यांवर आपटलो. फेटा तेवढा डोक्यावर राहिला.

त्या क्षणी सगळ्यांत आधी धावून आली ती एक पंचेचाळिशीची बाई. खाकी शर्ट, गळ्यात बॅटरी, पायात कॅनव्हासचे बूट. ती माझ्याकडे धावली असं मला वाटलं. ती पत्रा बघत होती. "जागेवर हाय," ती म्हणाली, आणि मग मला हात दिला. ही शालनताई. स्थापत्यातला डिप्लोमा झालेली, इमारतीची देखभाल तिच्याकडे. दर आठवड्याला ती वाकून तळघरात शिरते, एकेका ठोकळ्यावर बॅटरी मारते, चर तपासते आणि नोंदवहीत सही करते.

संध्याकाळी स्वागताचा छोटा कार्यक्रम झाला. मी म्हणालो, "भूकंपाला न घाबरणाऱ्या या इमारतीनं पाहुण्याला मात्र पहिल्याच पावलाला लोळवलं." मोठा हशा. हशा झाला की माझं भान सुटतं. जेवताना नाना पुन्हा गुडघ्याची चौकशी करू लागले, तेव्हा मी पिवळ्या आमटीत भाकरी कुस्करत म्हणालो, "अहो, परवा मंत्री येणार. ते पडले तर तुमच्या इमारतीची नव्हे, त्यांचीच बातमी होईल. ती फट तेवढी बुजवून टाका." पुन्हा हशा. नाना हसले नाहीत, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, दाद दिली.

जेवणानंतर दिगंबरचा फोन आला. "मारली फेरी?"

काठी पिशवीत होती. फेटा बांधलेल्या पाहुण्यानं हातात काठी घेऊन इमारतीभोवती वाकून फिरणं मला बरं दिसेना, म्हणून दिवसभर मी ती बाहेर काढलीच नव्हती.

"मारली. रिकामा आहे चर," मी म्हणालो.

त्या वेळी तो रिकामाच होता. म्हणून हे खोटं ठरत नाही, असं मी झोपताना स्वतःला समजावलं.

किल्लारीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी स्मरणिकेसाठी मला जुनी गावं दाखवायला शालनताईंना सोबत दिलं. औसा ओलांडून आम्ही किल्लारीच्या बाजूला वळलो. नवी गावं आखीव, सरळ गल्ल्यांची. जुन्या गावाच्या जागी बाभळी, वेड्या झाडोऱ्यात लपलेले दगडांचे ढीग, आणि एका ढिगाजवळ अजून शाबूत असलेलं दगडी उखळ. कोपऱ्यावर एक देवणी गाय निवांत रवंथ करत होती. तिला इतिहासाशी काही घेणं नव्हतं.

शालनताईंचं गाव यांतलंच एक. त्या एका ढिगासमोर उभ्या राहिल्या. मी वही काढली.

"आमचं माळवद होतं सर. लाकडावर मातीचं छत. दर साली मिरगाच्या आधी वर नवा थर टाकायचा. न टाकला तर लोक म्हनायचे, ह्याचं घराकडं लक्ष न्हाई. आज्यानं टाकलेली माती, त्याच्यावर बापानं टाकलेली. किती वजन झालं ते कुनी बघितलंच न्हाई. गळत न्हाई ना, मंग चांगलं."

"त्या वर्षी?"

"त्या साली मी बारा वर्षांची. वर पाट्या मीच चढवल्या. आई सगळ्यांना सांगायची, आमची शालन लई कामाची हाय." त्यांनी एक सुटा दगड पायानं ढिगाकडे सारला. "मी मामाकडं गेल्ते औशाला. आई आन धाकटा भाऊ घरात झोपल्ते."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "म्हणून तुम्ही या क्षेत्राकडे वळलात?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पॉलिटेक्निकला जागा शिल्लक होती. मला मास्तरीन व्हायचं होतं."

मी वही मिटली. वाक्य आधीच तयार करून आणलं होतं, ते तसंच राहिलं.

परतताना गाडीत त्या चराबद्दल बोलत राहिल्या. "लोकांना ती मोकळी जागा बगवत न्हाई सर. आपल्याकडं जोत्याला फट ठेवत्यात का कधी? उंदीर शिरंल, पानी मुरंल, लेकरू पडंल. सगळे काळजीपोटीच टाकत्यात काहीतरी. वॉचमननं त्यात सायकल उभी केलती. माळ्यानं खताची पोती. मी काढते, पुन्हा समजावते. एक दिवस त्यांना पटतं."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत ती काठी होती. मला नानांची हललेली मान आठवली. आणि मिरचीही आठवली. मी मनात म्हणालो, छे, गमतीतलं बोलणं कोण मनावर घेतं. शालनताईंना मी त्यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडीतूनच फोन करून काम थांबवलं असतं. चार वाजायला आले होते. मिस्त्री फरशीवर शेवटचा हात फिरवत असणार.

फरशी

दारासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत तांबडी फरशी बसली होती. चर नव्हताच. खाली पत्रा अडकवून वर दोन फूट काँक्रीट भरलं होतं. कडेला संस्थेचे मिस्त्री खाजाभाई ओल्या पोत्यानं सांधे पुसत होते. मला बघून ते उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर, आता डोळे झाकून चाला. तुमचा शब्द खाली पडू दिला न्हाई."

शालनताई उकिडव्या बसल्या. बोटाच्या पेरानं फरशी वाजवून पाहिली. "कुनी सांगितलं, खाजाभाई?"

"नानांनी. सकाळीच बोलावलं. म्हनले, आपल्या दारात पाहुण्याला ठेच लागली, उद्या मंत्री येनार."

"नानांना मी सोता खाली नेऊन दावलंय सगळं. नानांना कुनी सांगितलं?"

खाजाभाई माझ्याकडे बघून हसले. माझा मान वाढावा म्हणूनच हसले. "सरांनी."

"मी गमतीनं म्हणालो होतो," मी म्हणालो.

"हाव का," शालनताई म्हणाल्या. बस्स. त्याहून जास्त त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नानांच्या खोलीत चहा आला. शालनताई उभ्याच राहिल्या. "नाना, हे फोडावं लागंल."

"फोडू की. उद्घाटन होऊ दे. नवी फरशी हाय, पाहुण्यांचे पाय लागू दे."

"परवा बाळं येनार वरच्या मजल्यावर."

"परवा काय लगेच भूकंप होतो का, शालन?"

"ते आधी कळलं असतं तर माजी आई त्या रात्री घरात झोपली असती का, नाना?"

ढिगारे उपसलेले हात नानांनी टेबलावर पालथे ठेवले. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव उभा होता, आणि नानांनी दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस उद्यावर आला होता. "मंत्र्यांना द्यायच्या फायलीत तुझ्या सहीचा कागद लागतो," ते म्हणाले. "चर मोकळा असल्याचा."

"सही मी करनार न्हाई."

"मग दुसऱ्या कुणाची घेऊ. तुझी नेमणूक कंत्राटी हाय, इसरू नको." हे ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीच समजावा हिला. तुम्हीच सुचवलं होतं ना?"

तिथे एक वाक्य पुरलं असतं: नाना, मी मूर्खासारखं बोललो, आत्ता फोडा. ते मी बोललो नाही. मी म्हणालो, "ही जरा तांत्रिक बाब आहे. दिगंबरला विचारायला हवं." आणि दिगंबरला मी फोन केला नाही, कारण फोन केला असता तर आदल्या रात्रीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. एका बाईची नोकरी आणि वरच्या मजल्यावर यायची बाळं एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला माझं थोडंसं अवघडलेपण. मी चहा संपवला. चहा उत्तम होता, हेही मला आठवतं, आणि त्याचीही लाज वाटते.

उद्घाटन

सकाळी दुसरा फेटा. मंत्री तांबड्या फरशीवरून डौलात चालत आले. ठेच लागली नाही. फीत कापली, समई पेटवली, इमारतीची फाइल त्यांच्या हातात दिली. त्या फायलीत शालनताईंच्या सहीचा कागद नव्हता. कुणी उघडून पाहिलं नाही, त्यामुळे तो नसल्यानं काही अडलंही नाही. शालनताई मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

माझं नाव पुकारलं. रात्रभरात मी ठरवलं होतं, आणि ठरवलं ते बोललो.

"मित्रहो, ही इमारत भूकंपात टिकावी म्हणून तिच्याभोवती चर होता. काल माझ्या सांगण्यावरून तो बुजवला. मी पडलो, माझा अपमान झाला, म्हणून मी तो बुजवायला लावला. आज आपण ज्या इमारतीचं उद्घाटन करतो आहोत ती परवाच्यापेक्षा कमी सुरक्षित आहे, आणि त्याला मी जबाबदार आहे."

मांडव हसून लोटपोट झाला. मंत्री सगळ्यांत जोरात हसले. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी माझी पाठ थोपटली. मी म्हणालो, "खरं सांगतोय." त्यावर टाळ्या पडल्या. पंचवीस वर्षं मी ज्या सुरात बोललो त्याच सुरात माझा आवाज निघत होता. दुसरा सूर माझ्याकडे नव्हताच. त्या सगळ्या गर्दीत माझं बोलणं खरं आहे हे जिला ठाऊक होतं ती हसली नाही, आणि तिला ते माझ्याकडून कळायची गरज नव्हती.

मंत्र्यांची गाडी गेली. पंगत बसली. मी ताट घेतलं तेवढ्यात दाराकडून ठक्क, ठक्क असा आवाज आला. शालनताई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. डाव्या हातात छन्नी, उजव्या हातात हातोडा. वॉचमन शेजारी उभा राहून म्हणत होता, "ताई, कामून आपली भाकर घालवून राहिल्या? नाना बघतील."

"बगू दे."

मी ताट खाली ठेवलं. फेटा काढून खांबावर अडकवला, त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांच्या पिशवीतली दुसरी छन्नी आणि हातोडी उचलली. पहिला घाव फरशीवर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. लोक ताटं हातात घेऊन जमले. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला. नाना लगबगीनं आले. "सर, अहो सर, हे काय? उठा आधी. लोक काय म्हणतील!"

"नाना, माझ्या सांगण्यावरून भरलं. आता माझ्या सांगण्यावरून काढा."

पुन्हा हसू उमटायला लागलं, पण अंगठ्यातून रक्त येत होतं, त्यामुळे ते अर्ध्यावरच थांबलं. मी तिसरा घाव घातला. तोही फारसा कामाचा नव्हता. तेव्हा खाजाभाई पुढे आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "सर, सोडा. आमच्या दारात पाहुण्यानं हातोडा धरायचा? खाली मुंडी घालायची आमी?"

"मग तुम्ही धरा."

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना माझ्या अंगठ्याकडे बघत होते. मग शालनताईंकडे. त्या थांबल्या नव्हत्या. "धरा," नाना म्हणाले. "सरांच्या हातातून घ्या ते."

काल ज्या आदरानं चर भरला गेला त्याच आदरानं तो उपसला गेला. माझ्या पटवण्यामुळे नव्हे, शालनताईंच्या तीस वर्षांच्या दुःखामुळेही नव्हे. पाहुण्यानं राबू नये म्हणून. पाच-सहा माणसं घण आणि पहारी घेऊन भिडली. काँक्रीट एका दिवसाचं, अजून कच्चं होतं. मला पायरीवर बसवून अंगठ्याला हळद लावण्यात आली.

उन्हं कलली तेव्हा शालनताईंनी मला विचारलं, "दिगंबर सरांनी तुमच्याजवळ काठी दिली होती म्हनं?" त्यांना हे कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा मी ती पिशवीतल्या शालींखालून बाहेर काढली. त्यांनी ती आडवी धरली आणि चालू लागल्या. उजव्या कोपऱ्यात काठी अडली.

"झोपा सर, हात घाला. माझा पोचत न्हाई."

मी पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात चरात घातला आणि भिंतीला चिकटलेलं काँक्रीटचं ढेकूळ उपटून काढलं. शिमग्यातल्या सोंगासारखा मी दिसत असेन. या वेळी कुणी हसलं नाही. काठी पुढे सरकली. मागच्या बाजूला चरात एक झाडू आणि कुणाचा तरी डबा निघाला. "हे रोजचंच," त्या म्हणाल्या. पूर्ण फेरी झाली, पत्रा पुन्हा बसला, तेव्हा त्यांनी नोंदवही मागवली आणि सही केली. नानांनी ती बराच वेळ वाचली. एकच तर ओळ होती. कंत्राटाबद्दल ते काही बोलले नाहीत. वही परत देताना मात्र त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

काठी शालनताईंनी परत केली नाही, मीही मागितली नाही.

परत नांदेड

दिगंबरच्या घरी वहिनींनी सुशीला केली होती, मिरची न घालता. तिकडूनही फोन आला होता म्हणे.

मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या रात्री फोनवर खोटं बोललो होतो तेही. तो पायाकडे बघत ऐकत राहिला. संतापेल असं वाटलं होतं. तो संतापला नाही. त्यानं विचारलं, "आता रिकामा आहे?"

"आहे."

"पाहिलास तू?"

"हात घालून पाहिला."

त्यानं मान हलवली. मग शेजारचा फोन उचलला आणि माझ्या समोरच नंबर लावला.

"शालन," तो म्हणाला, "चर रिकामा आहे का?"

मी ताटलीतली सुशीला संपवत राहिलो.